शिकेकाईकडे परत जायचंय: पूड, शेंगा की नादच सोडू?

मोगरी
नमस्कार मंडळी,
केस खांद्याच्या जरा खाली, मध्यम जाड. टाळू तेलकट, टोकं कोरडी. सल्फेटवाला, बिनसल्फेटवाला, कांद्याचा, कोळशाचा असे सगळे शाम्पू करून झाले. आता शिकेकाई-रिठा-आवळा सुरू करायचं डोक्यात आहे. पण विकतची पूड कालवून लावली की केसांचा झाडू होतो आणि दिवसभर कंगव्यातून भुसा पडत राहतो. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं मिश्र पाणी येतं, तेही लक्षात घ्या.

प्रश्न असे: पूड वापरायची की अख्ख्या शेंगा? चोपडून लावलेलं तेल एका धुण्यात निघतं का? सकाळी ८.१० ची बस पकडणाऱ्या बाईला हे झेपतं का? आणि केस गळायचे थांबतात का? शेवटच्या प्रश्नाला सासूबाई हो म्हणतात, नवरा नाही म्हणतो. मला दोघांनाही दाखवता येईल असं उत्तर हवंय.

चमकता_चंद्र
मी शिकेकाई न वापरता केस गळायचे कायमचे थांबवले आहेत. गळायला काही उरलंच नाही.

सई_त
पूड नको, पूड नको, पूड नको. डोळ्यांत गेली की आई आठवते.

देवगडची
मोगरी, शेंगाच आण. पुडीत काय काय दळलंय ते कळायला मार्ग नाही, आणि कितीही वस्त्रगाळ असली तरी केसांत अडकतेच. आमच्या घरी कुणी पूड थेट डोक्याला लावलेली मी बघितलेली नाही. काढाच करायचा.

माझी पद्धत सांगते. खांद्यापर्यंतच्या केसांना पाच-सहा शेंगा, तीन-चार रिठे आणि मूठभर आवळकाठी पुरते. शेंगा मोडून घ्यायच्या आणि रिठ्यातली काळी बी काढायची, फेस सालीत असतो. रात्री दीड-दोन तांबे पाण्यात भिजत घालायचं. सकाळी मंद आचेवर पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं. भांडं मोठं घ्या, दुधासारखं उतू जातं आणि शेगडी चिकट होते. कोमट झालं की हाताने चांगलं कुस्करायचं आणि जुन्या सुती पंच्यातून पिळून गाळायचं. तपकिरी, जरासं बुळबुळीत पाणी मिळतं. शाम्पू म्हणून तेच वापरायचं.

हवं तर उकळताना मूठभर जास्वंदीची पानं टाका, केस विंचरायला सोपे जातात. मेथी चमचाभरच घाला. जास्त झाली तर दिवसभर आपल्या अंगाला थालीपिठाचा वास येतो.

सुटीच्या दिवशी एकदाच करून ठेवायचं. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, नंतर आंबतं. बसचा प्रश्न त्यात सुटतो.

फटकळ_काकू
देवगडचीने सगळं सांगितलं, मोरीचं राहिलं. गाळलं नाहीत तर जाळी तुंबते. गाळलंत तरी पांढऱ्या फरशीवर तपकिरी डाग पडतात, त्यामुळे लगेच पाणी ओता. पांढरा टॉवेल तर जवळपासही नको. नैसर्गिक सगळं छान असतं, पण नंतर मोरी कोण घासतं ते कुणी लिहीत नाही.

रसायनी
बोअरच्या पाण्याचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो.

शिकेकाई आणि रिठा या दोन्हींत सॅपोनिन असतात. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. त्यामुळे फेस येतो आणि मळ सुटतो. साबणही असाच काम करतो, पण बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचं जमत नाही. पांढरट साका तयार होतो आणि केसांवर बसतो. सॅपोनिनचा असा साका होत नाही. म्हणून क्षारयुक्त पाण्यात अंगाच्या साबणाने केस धुण्यापेक्षा रिठा कधीही बरा.

दुसरं म्हणजे पीएच, आम्ल-अल्क मोजायचं माप. साबण ९-१० च्या आसपास असतो. टाळूची त्वचा ५.५ च्या जवळपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. शिकेकाईचा काढाही आम्लधर्मी असतो, त्यामुळे केसांवरचे खवले उचकटत नाहीत आणि केस गुळगुळीत लागतात. याच कारणाने बेकिंग सोड्याने केस धुवायचा रीलवाल्यांचा सल्ला मला पटत नाही. तो अल्कधर्मी आहे.

मात्र आजचे बरेच शाम्पूही याच आम्लधर्मी पट्ट्यात बनवलेले असतात आणि तेही बोअरच्या पाण्यात चालतात. शिकेकाईची खरी तुलना साबणाशी होते. शाम्पूशी केली तर सामना बराच बरोबरीत सुटतो.

मोगरी
@रसायनी, हे सासूबाईंना दाखवलं. म्हणाल्या, "म्हणजे आम्ही बरोबरच होतो." शेवटचा परिच्छेद वाचला नाही.

सई_त
एका धुण्यात तेल निघतं का, ते सांगा ना कुणीतरी. माझं निघत नाही.

देवगडची
चोपडलेलं नाही निघत. बोटांची टोकं बुडवून तेवढंच मुळांना लावलंस तर निघतं. डोक्यावरून ओघळेपर्यंत लावायचं असेल तर आधी डाळीचं पीठ किंवा मूग दळून चोळ, मग काढा. नाहीतर रिठा वाढव. पण रिठा जास्त झाला की केस कोरडे पडतात. तो सोनाराकडचे दागिने आणि रेशमी साड्या स्वच्छ करतो, टाळूवरचं तेलही तितक्याच जोमाने नेतो. कोरड्या केसांनी रिठ्याला फार हात लावू नये, सगळी भिस्त शिकेकाईवर ठेवावी.

पक्या_म्युनिक
इथलं पाणी भयंकर क्षारयुक्त. किटलीत पांढरा थर, नळावर पांढरा थर, आणि आल्यापासून बायकोची तक्रार की केस गवतासारखे झाले. भारतीय दुकानात शिकेकाई मिळते पण पूडच, अख्ख्या शेंगा नाहीत. मग आम्ही पूडच रात्री भिजवून, उकळून, कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळतो. थेंब थेंब पडतं, एक सिनेमा बघून होतो. पण भुसा शून्य. मोगरीताई, घरात उरलेली पूड अशी संपवता येईल.

अवांतर: शेजारच्या जर्मन आजींना वासाचा संशय आला होता. आता त्याच बाटली घेऊन येतात.

चमकता_चंद्र
पक्या, आजींना डोक्याच्या पॉलिशसाठी काय सुचवशील ते मलाही कळव.

वैद्यबुवा
तेलाचा विषय निघालाच आहे. बाटलीवर "माका, ब्राह्मी, जास्वंद" लिहिलेलं बरंचसं तेल म्हणजे साध्या तेलात रंग आणि वास. घरी करणं अवघड नाही, फक्त वेळ लागतो.

शास्त्रातलं प्रमाण असं: वनस्पतीचा वाटलेला कल्क एक भाग, तेल चार भाग, आणि रस किंवा काढा सोळा भाग. सगळं पाणी आटेपर्यंत मंद आचेवर. झालं की नाही हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. कल्काची बोटांत वळून वात होते, आणि ती पेटवली की तडतडत नाही. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, असं तेल खवट होतं.

माका पांढऱ्या फुलाचा घ्यावा. भाताच्या बांधावर, ओहोळाच्या काठी पावसाळ्यात भरपूर मिळतो. ताजा रस हाताला काळपट डाग पाडतो.

आणखी एक. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिनचर्येच्या अध्यायात म्हटलं आहे की गरम पाणी मानेखाली बळ देतं, पण डोक्यावर घेतलं तर केस आणि डोळ्यांचं बळ हरवतं. गीझर पूर्ण सोडून डोक्यावर कढत पाणी घेणाऱ्यांनी आधी तेवढं बंद करावं. शिकेकाई नंतर.

त्वचाडॉक
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. शिकेकाईशी माझं भांडण नाही, आई आजही वापरते. पण मोगरीच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं. केस धुवायची कुठलीही वस्तू टाळूवरचा मळ काढते. केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं आणि गळण्याची कारणं बहुतेक वेळा तिथे किंवा रक्तात असतात.

दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. रोज न विंचरता आठवड्याने केस धुतले तर सगळे एकदम हातात येतात आणि माणूस घाबरतो. डेंग्यू, टायफॉईड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपाशी राहून केलेलं डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. मधल्या काळात जे तेल सुरू केलं असेल त्याच्यावर खापर फुटतं, आणि मूळ कारण सरलेलं असल्याने काही महिन्यांत केस आपोआप परत येतात तेव्हा जे तेल चालू असेल त्याला श्रेय मिळतं. बाजारातली अर्धी तेलं याच वेळापत्रकावर चालतात.

भांग रुंद होत चालला असेल, पाळी अनियमित असेल, थकवा असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्या. आपल्याकडे बायकांचं लोह इतकं कमी असतं की मी आधी तिकडेच बघते.

कोंड्याबद्दलही सांगते. चिकट, पिवळसर कोंडा आणि खाज असेल तर तेल लावू नका. त्यातली मॅलेसेझिया नावाची बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच वाढते. "कोरडेपणाने कोंडा होतो, तेल लाव" हा घराघरांतला सल्ला अशा वेळी उलटा पडतो.

फटकळ_काकू
पन्नास ते शंभर कोण मोजतं हो? आमच्याकडे मोजमाप मोरीच्या जाळीवर. जाळी भरली की डॉक्टर.

गोंयची_शकू
आमच्या घरी गोव्यात दासवणाची म्हणजे जास्वंदीची पानं आणि नारळाचा रस, एवढंच. पानं पाण्यात कुस्करली की बुळबुळीत रस सुटतो, तोच केसांना. मळ फार निघत नाही पण केस मऊ पडतात. नारळाचा रस लावून तासभर बसायचं आणि मग शिकेकाई. उन्हाळ्यात जरा जास्त वेळ बसलात तर मुंग्या येतात, हे अनुभवाचे बोल.

खोबरेलावर मात्र बोट ठेवायचं नाही. भांडण होईल.

रसायनी
शकूताईंच्या खोबरेलाला पाठिंबा. यावर चांगलं काम झालेलं आहे. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी खोबरेल लावलं तर केसातलं प्रथिन कमी वाहून जातं, बाकीच्या दोन तेलांनी तसा फायदा दिसला नाही. कारण असं दिलंय की खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरतं.

आता तळटीप: दोघेही मॅरिकोच्या संशोधन विभागातले. खोबरेल विकणारी कंपनी. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण माहीत असावं. आणि त्यात केस वाढतात असं कुठेही म्हटलेलं नाही. असलेला केस कमी झिजतो, इतकंच.

सई_त
म्हणजे मी आयुष्यभर धुतल्यावर तेल लावलं ते वाया?

रसायनी
वाया नाही, चमक येते. पण धुण्याआधी लावलंत तर जास्त उपयोग.

खामगावकर
त्वचाडॉक म्हणतात ते आमच्या बुलडाण्यात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. २०२४ संपताना आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक हातात यायला लागले. दोन-तीन दिवसांत टक्कल. लहान पोरांनाही. आधी सगळे म्हणाले पाणी खराब, मग म्हणाले बुरशी. शाम्पूवरही संशय घेऊन झाला. गावात जो येईल तो नवीन लेप सांगून जायचा.

पुढे विंचूदंशावर काम केलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आले, त्यांनी रक्त, लघवी आणि केसांचे नमुने तपासले. त्यात सेलेनियम प्रचंड वाढलेलं आणि जस्त घटलेलं निघालं, आणि त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर. अनेकांचे केस नंतर परत आले. त्या काळात कुणी शिकेकाई लावली असती तर काय झालं असतं? स्वच्छ टक्कल.

चमकता_चंद्र
खामगावकर, यावर विनोद सुचला होता, लहान पोरांचं वाचून मागे घेतला. शाळेत चिडवलं असेल त्यांना.

खामगावकर
चिडवलंच. सोयरिकी अडल्या, सलूनवाले हात लावत नव्हते. लोक गावाचं नाव सांगायचं टाळत होते.

नवी_आई
मधेच घुसते. लेकीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत, बालवाडीचा प्रसाद. आईने सीताफळाच्या बियांची पूड लावायला सांगितली आहे. नैसर्गिकच आहे ना?

त्वचाडॉक
नका लावू, कृपा करून नका. उवा मरतात हे खरं, पण ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाच्या पडद्याला इजा होते. असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे नेहमी येतात. लहान मूल डोळे चोळणारच. औषधाच्या दुकानात परमेथ्रिनचं लोशन मिळतं, बालरोगतज्ज्ञांना विचारून ते लावा. शिवाय ओल्या केसांतून बारीक फणी, दर दोन-तीन दिवसांनी. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, तुमचंही.

फटकळ_काकू
हे वाचल्यापासून माझं डोकं खाजतंय.

देवगडची
माझंही.

पक्या_म्युनिक
म्युनिकमध्येही.

मिनाक्षी_ना
मेंदीचं काय? पांढरे झाकायला मी मेंदी लावते, पण हल्ली "काळी मेंदी" आणली तर कपाळावर पुरळ उठलं.

रसायनी
मेंदीच्या पानातला रंग लॉसोन. तो केसातल्या केराटिन या प्रथिनाला धरतो आणि रंग येतो केशरी-तांबूस. काळा कधीच येत नाही. पाकिटातून निव्वळ मेंदी म्हणून एका तासात कुळकुळीत काळा रंग निघत असेल तर बहुधा त्यात पीपीडी नावाचं केसरंगातलं रसायन आहे. पुरळ त्याचंच असण्याची शक्यता मोठी. वनस्पतीतूनच काळा हवा असेल तर आधी मेंदी, धुऊन मग नीळीच्या पानांची पूड, असे दोन टप्पे करावे लागतात. लोखंडी कढईत आवळा आणि चहाच्या पाण्यात मेंदी भिजवली की रंग गडद होतो तो लोह आणि टॅनिनच्या संयोगाने, पण तोही तपकिरीपर्यंतच.

त्वचाडॉक
पुरळ उठलेल्या व्यक्तीने तो रंग पुन्हा वापरू नये, पुढच्या वेळी जास्त जोरात उठतं. आणि जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांना अस्सल मेंदीही लावू नये, रक्तपेशी फुटू शकतात.

वैद्यबुवा
मेंदीचा वेगळा धागा काढा. इथे शिकेकाई चालू होती.

फटकळ_काकू
वैद्यबुवा, तुम्हीच तेलात गेला होतात आधी.

सई_त
दळून आणणाऱ्यांसाठी सूचना: गिरणीवाला शिकेकाई घेत नाही. आमच्याकडच्याने सरळ हात जोडले. एक तर दळताना सगळी गिरणी शिंकते, शिवाय पुढच्या गिऱ्हाईकाच्या गव्हाला वास लागतो. मिरची-मसाला कुटणाऱ्या डंकावर विचारा, ते हंगाम संपला की घेतात.

चमकता_चंद्र
म्हणजे आधी मसाला, मग शिकेकाई, मग डोक्यावर तिखट. सई, तुझं डोळ्यांचं प्रकरण उलगडलं.

मोगरी
बरंच काही मिळालं, सगळ्यांचे आभार. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून शेंगा, रिठे आणि आवळकाठी आणली. दुकानदाराने न विचारता सांगितलं की शेंग वाजली पाहिजे आणि आत बुरशी नसावी, दोन मोडून दाखवल्या. देवगडचीच्या पद्धतीने काढा केला, रिठे कमी टाकले. फेस शाम्पूसारखा येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा मन भरत नाही आणि आपण ओततच राहतो. पण टाळू स्वच्छ झाला. बोअरच्या पाण्याने येणारा तो चिकटपणा नाही. टोकं कोरडीच आहेत, तिथे आता धुण्याआधी खोबरेल. बस मिळाली, कारण काढा रविवारी करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला. आदल्या रात्री चार खडे वाटीत काढून ठेवायचे.

गळण्याबद्दल: फेरिटिन तपासलं, कमी आलं. गोळ्या सुरू आहेत. सासूबाई आणि नवरा दोघेही आपलंच खरं झालं असं म्हणतायत.

देवगडची
गोठवायचं सुचलं नव्हतं. आता मीही करते.

मोगरी
कर, पण डबा वेगळा ठेव. काल नवऱ्याने पाहुण्यांच्या कोकम सरबतात तेच खडे टाकले. रंग जुळला, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. ग्लासात फेस चढायला लागला तेव्हा कळलं.

चमकता_चंद्र
पाहुण्यांचे केस कसे आहेत आता?

पक्या_म्युनिक
सिरियसली, रिठा पोटात गेला तर काय होतं?

त्वचाडॉक
एखादा घोट गेला तर तोंड कडू होतं आणि मळमळतं. जास्त गेला तर उलट्या-जुलाब होतात, रिठा वांतिकारकच आहे. घरात लहान मूल असेल तर काढा पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका. आणि ट्रेवर मोठ्या अक्षरात "डोक्यासाठी" असं लिहा.